उपनगरात भाड्याने राहताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

उन्हाळा आणि पाऊस दोन्ही या घरात काढून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. मोठ्या शहरात नोकरी आणि राहायला उपनगरात, असा विचार करणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: आधी बसचं वेळापत्रक बघा, मग खोल्या.

जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं हमखास लिहिलेलं असतं. ती दहा मिनिटं गाडीची असतात, तीही रस्ता मोकळा असताना. आमच्या इथे सकाळी दर दहा मिनिटांनी बस आहे, रात्री नऊनंतर मात्र चाळीस मिनिटांनी एक. वेळ न बघता थांब्यावर गेलं, तर दोन बसमधल्या अंतराच्या साधारण निम्मा वेळ थांबावं लागतं. म्हणजे सकाळी पाच मिनिटं आणि रात्री वीस. त्यात ट्रेनला थोडा उशीर झाला आणि समोरून बस निघून गेली, की पुढची चाळीस मिनिटं थांब्यावरच. अंतर तेच असलं तरी रात्री घर लांब जातं. ऑफिसनंतर कोणाकडे जायचं ठरलं की आता पहिला प्रश्न ‘परत कसं यायचं’ हा असतो, आणि बरेचदा बेतच रद्द होतो. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून ठेवा.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं, की माणूस रोजच्या येण्याजाण्याला सरासरी तासभर देतो आणि वाहनं वेगवान झाली की तेवढ्याच वेळात जास्त लांब राहायला जातो. उपनगरं का पसरत जातात ते यावरून छान कळतं. आमचा प्रवास या तासाच्या बराच पुढे जातो. ट्रेनमधला वेळ मला जड जात नाही, वाचन होतं, डुलकीही लागते. थकवा येतो तो थांब्यावर ताटकळण्याचा.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा रात्रीही एकदा जा, आणि स्टेशनपासून घरापर्यंत चालत जा. दिवे कुठे लागतात, फुटपाथ कुठे संपतो, दुकानं किती वाजता बंद होतात आणि त्यानंतर रस्त्यावर कोण असतं, हे दिवसा कळत नाही. आमच्या वाटेवर शाळेच्या भिंतीलगतचा एक तुकडा अगदी अंधारा आहे. रात्री उशिरा एकटी असले की मी लांबच्या रस्त्याने येते.

आता घराबद्दल. शहरात याच भाड्यात एक खोली कमी मिळाली असती. इथे खिडकीत उजेड येतो आणि रात्री खरंच शांत असतं. रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या सूचनांत आहे. मी आवाज मोजलेला नाही, पण जुन्या घरी झोप मोडायची ती इथे मोडत नाही, आणि एवढ्यासाठी मी बरंच काही सोसायला तयार आहे. उन्हाळा मात्र कठीण गेला. वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत: दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं, त्यामुळे बाहेर गार वारा असतानाही झोपायची खोली गरमच. मधला मजला मिळत असेल तर तोच घ्या.

पावसाळ्यात कपाटामागे काळे ठिपके दिसले. घरमालकांचं म्हणणं होतं, ‘तुम्ही कपडे घरात वाळवता, म्हणून होतंय.’ हे खरंही असू शकतं, कारण घरातली वाफ गार भिंतीवर बसून बुरशी धरते. खात्री करायला भिंतीचा तो भाग कोरडा पुसून फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दोनेक दिवसांनी काढला तर खोलीकडची बाजू कोरडी आणि भिंतीकडची ओली. म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. फोटो पाठवल्यावर ते स्वतः येऊन बघून गेले आणि बाहेरच्या भेगा बुजवून दिल्या. त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे आवर्जून सांगते. तरीही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढूनच ठेवलंय.

करार सही करण्याआधी नीट वाचा, विशेषतः नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर काय, आणि अनामत रक्कम कशातून कापली जाऊ शकते. ताबा घेतला त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकांना पाठवले होते. ओलीच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला, कारण ती भिंत आधी कशी होती यावर वादच झाला नाही.

शेजार चांगला मिळाला. समोरच्या आजींकडे आमची एक किल्ली असते. ज्यांचं काम घरून चालतं किंवा ज्यांना संध्याकाळी लवकर परतता येतं, त्यांनी हा भाग जरूर बघावा. रात्रपाळी असणाऱ्यांना मी स्वतःची गाडी असल्याशिवाय सुचवणार नाही. आम्ही करार वाढवतोय, फक्त नव्या करारात भिंतीची आणि नळांची दुरुस्ती किती दिवसांत करून द्यायची, ते लिहून मागितलं आहे आणि मालक तयार आहेत.