जास्मिन टी म्हणजे चक्क मोगऱ्याचा चहा! (फूचौच्या एका दुकानाचा रिव्ह्यू)

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण माझाही तोच होता. जास्मिन म्हटलं की आपल्या डोक्यात येते चमेली, म्हणजे ती तेलाच्या बाटलीवरची, आणि त्यामुळे जास्मिन टी म्हणजे डोक्याला लावायच्या तेलाचा वास येणारा काहीतरी प्रकार असणार असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. शिवाय ऑफिसच्या पॅन्ट्रीत ज्या टी बॅग्ज असतात त्या प्यायल्यावर तर खात्रीच पटली होती. पण हे फूल चमेली नाही, जाई नाही, जुई नाही. मोगरा आहे. आपला गजऱ्यातला मोगरा. चिनी लोक त्याला मोली म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातल्या मल्लिकेवरून गेलाय, फूलही चीनला बाहेरूनच गेलेलं, म्हणजे एका अर्थी आपल्याच माहेरची मुलगी सासरी जाऊन नाव काढतेय.

तर झालं असं की मशीनच्या ट्रायलसाठी कंपनीने मला तीन आठवडे फूचौला पाठवलं, ऑगस्टमध्ये. फूचौ ही चीनमधल्या फुजियान प्रांताची राजधानी, समुद्राजवळ, आणि ऑगस्टमधला उकाडा असा की मुंबईचा मे बरा. पण नेमका हाच सीझन. म्हणजे चहाची पानं वसंतात खुडून, वाळवून तयार ठेवलेली असतात आणि मग ती दोन-तीन महिने नुसती मोगऱ्याची वाट बघत बसतात, कारण मोगऱ्याला खरा वास येतो तो कडक उन्हाळ्यात. त्यामुळे हा चहा पानांच्या सीझनला नाही, फुलांच्या सीझनला बनतो.

दुकान सानफांग छीश्यांगमध्ये, म्हणजे फूचौच्या जुन्या वस्तीत. पांढऱ्या भिंती, वाड्यांसारखी दारं, मधून एक मोठा रस्ता आणि दोन्हीकडे गल्ल्या. थोडी टुरिस्टी जागा आहे, मान्य, पण मुख्य रस्ता सोडून आत वळलात की बरी दुकानं सापडतात. (जवळच लिन झेशूचं स्मारक आहे, तो 1839 मध्ये इंग्रजांची अफू नष्ट करणारा अधिकारी, मूळचा फूचौचाच. आणि त्या काळात चीनमध्ये येणारी बरीच अफू माळव्यातली, मुंबई बंदरातून गेलेली. तिथे उभं राहून थोडं ओशाळायला झालं खरं.)

दुकानातली बाई माझ्या आईच्या वयाची, मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणत होते. भाषा शून्य, सगळा संवाद मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर, पण काकूंनी काय समजावलं म्हणून सांगू! दुपारनंतर ज्या कळ्या त्याच रात्री उमलणार आहेत फक्त त्या तोडायच्या, पांढऱ्या, टपोऱ्या, पण मिटलेल्या. संध्याकाळ उलटली की त्या उमलायला लागतात आणि तेव्हा चहा आणि फुलं एकत्र करून ढीग लावायचा. चहाचं पान कोरडं असतं, ते वास आणि ओल दोन्ही ओढून घेतं. ढीग रात्रीतून गरम होतो म्हणून मधेच पसरून थंड करायचा, परत लावायचा, सकाळी फुलं चाळून बाहेर काढायची आणि ओलसर झालेला चहा परत वाळवायचा. हे झालं एकदा. मग ताजी फुलं आणून परत सगळं पहिल्यापासून. साधा माल दोन-तीनदा, चांगला सात-सात वेळा, आणि सगळ्यात शेवटी थोडी फुलं घालून एक हात फिरवायचा, त्यानंतर मात्र वाळवायचं नाही. म्हणजे आपण डब्यातून जो चमचाभर चहा काढतो त्यावर सात रात्रींची फुलं खर्ची पडलेली असतात. हे ऐकल्यावर किंमत बघून मी गप्प बसले.

यातलीच दुसरी गोष्ट म्हणजे चांगल्या चहात फुलं दिसतच नाहीत! मला वाटायचं जितकी पांढरी फुलं जास्त तितका माल भारी. उलटं आहे. चाळून काढलेल्या फुलांना वास उरलेला नसतो, वास तर चहाने घेतला. तीच वाळकी फुलं परत वरून भुरभुरवली की पाकीट छान दिसतं आणि गिऱ्हाईक फसतं.

मी तीन प्रकार चाखले. पहिला ड्रॅगन पर्ल, कोवळी पानं आणि कोंब हाताने वळून केलेल्या गोळ्या, साबुदाण्याहून मोठ्या, मटारहून जरा लहान. गरम पाण्यात पडल्या की हळूहळू उलगडतात, बघत बसायला मजा येते. पण मजेसाठी घेऊ नका, चवीसाठी घ्या. पहिल्या घोटाला वास नाकात जातो आणि गिळल्यावर घशात एक गोडी राहते, साखर न घालता. काकूंनी या गोडीसाठी जो शब्द वापरला त्याचं भाषांतर मोबाईलने केलं 'रॉक शुगर', म्हणजे खडीसाखर! फूचौच्या चहाची ओळखच आहे ही. मी पुण्याची असून मला यावर एकही खोड काढता आली नाही.

दुसरा सिल्व्हर नीडल, नुसते कोंब, पांढरी लव असलेले. नाजूक आहे, फार नाजूक, माझ्यासारख्या सकाळी आल्याचा कडक चहा ढोसणाऱ्या बाईला दोन कप होईपर्यंत कळतच नव्हतं की आपण काही पितोय. किंमत मात्र सगळ्यात जास्त. तज्ज्ञांना आवडत असेल, माझा पास.

तिसरा खरं तर फुजियानचा नाहीच, सिच्वानचा. बी थान फ्याव श्युए, म्हणजे हिरव्या डोहावर तरंगणारा बर्फ. यात फुलं मुद्दाम ठेवतात, कपात वर पांढऱ्या पाकळ्या तरंगतात, म्हणजे मी वर जो नियम सांगितला त्याला हा अपवाद, आणि तोही चांगला अपवाद. चव हिरव्या चहाची जास्त, मोगरा मागे. फोटोसाठी नंबर एक.

ते गरम पाण्यात फुलासारखे उमलणारे चहाचे गोळे असतात ना, काचेच्या किटलीतले, ते काकूंनी दाखवलेसुद्धा नाहीत. विचारलं तर हात हलवून हसल्या.

बनवायची पद्धत साधी आहे. झाकणवाला कप असतो, त्याला गायवान म्हणतात (हो, मलाही हसू आलं), त्यात तीनेक ग्रॅम चहा, पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबून मगच ओतायचं, खळखळतं पाणी घातलं की कडू. दोन मिनिटांनी आधी झाकण उचलून झाकणाचाच वास घ्यायचा, ही स्टेप चुकवू नका, अर्धा चहा तिथेच आहे. एकाच चहावर तीन-चार वेळा पाणी घालता येतं. दूध नाही, साखर नाही. आणि कॅफिन असतं बरं का, फुलाचा चहा म्हणून रात्री अकराला पिऊन मी दोन वाजेपर्यंत छताकडे बघत होते.

मी 100 ग्रॅम पर्ल घेतले 160 युआनला, म्हणजे आपले दोन हजारच्या आत-बाहेर. तक्रारी पण सांगते. चहा एवढासा आणि खोका लग्नातल्या साडीच्या बॉक्सएवढा, त्यात परत सॅटिनचं कापड, बॅगेत मावेना. पैसे मोबाईलवरच घेण्याचा आग्रह, माझं कार्ड लिंक होईना, शेवटी नोटा काढल्या तर सुटे नाहीत म्हणून गळ्यात एक चुऱ्याची पुडी बांधली. पण तो चुरा! पर्ल आणि बाकी चांगल्या मालाचे तुकडे, दिसायला काहीच नाही, वास तोच. नंतर कळलं की बीजिंगचे लोक हा चुरा शोधून शोधून घेतात. तिकडे उत्तरेत जास्मिन टी म्हणजे रोजचा चहा, आपल्या टपरीवरच्या कटिंगइतका कॉमन. परत गेले तर मी चुराच आणणार, किलोभर.

घरी आल्यावर आईला दिला. तिने पहिला वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर माठातलं पाणी!" उन्हाळ्यात ती माठात मोगऱ्याची दोन-चार फुलं टाकते ना, तोच वास. मग तिला जोर चढला आणि तिने गच्चीवरच्या कुंडीतल्या कळ्या संध्याकाळी तोडून साध्या ग्रीन टीच्या डब्यात रात्रभर ठेवल्या (बाजारातल्या गजऱ्याची फुलं नको, फवारणी असते). सकाळी डबा उघडला तर अख्खं स्वयंपाकघर दरवळलं, आम्ही दोघी एकदम खूष, फुलं काढली आणि डबा घट्ट लावून ठेवून दिला. चौथ्या दिवशी बुरशी. वाळवायचं राहिलं! काकूंनी एवढं समजावलेलं की फुलांची ओल चहात उतरते, ती प्रत्येक वेळी काढावीच लागते, आणि आम्ही नेमकं तेच विसरलो.

दुसरा घाणा आईने कढईत अगदी मंद आचेवर वाळवला. जमलाय. फक्त ती कढई सकाळी फोडणीची होती, त्यामुळे मागून किंचित मोहरी लागते.