आधी कोणतं घ्यावं: लांडग्याची शिकार की चांदीची नाणी?

नागपूरच्या बर्डीवर पुस्तकं बघायला निघालात आणि खिशात एकाच जाड कादंबरीपुरते पैसे असतील, तर ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ घ्यावं की ‘स्पिनिंग सिल्व्हर’? दोन्ही इंग्रजी, दोन्हींचा पाया जुनी परीकथा. दोन्हींत घरी खायचे वांधे, आणि दोन्हींत नायिकेला एक अमानवी पुरुष घेऊन जातो. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

सारा जे. मास यांचं ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ चं. हरणावर टपलेली नायिका फेयरा लांडगा मारते, त्याचं कातडं बाजारात विकते आणि मग कळतं की तो परीलोकातला होता. हा भुकेचा भाग झकास जमलाय. पुढे शाप, महाल, प्रेमासाठी जिवावरच्या तीन परीक्षा. ‘विधिलिखित जोडीदार’ हे प्रकरण मात्र २०१६ च्या दुसऱ्या भागात उघडतं, म्हणजे खर्च एका पुस्तकावर थांबत नाही. शृंगार मोकळा आहे, शाळकरी मुलांना देऊ नका.

विधिलिखित प्रेमाचं मला वावडं नाही. आपल्या विदर्भाच्या दमयंतीचंच घ्या. हंसाने नलाचं नाव मनात भरवलं, पण स्वयंवरात नलाचंच रूप घेतलेले चार देव आणि खरा नल यांतून निवड तिनेच केली. ज्याला घाम आलाय, ज्याची माळ कोमेजलीय, तो माणूस. असं डोळे उघडे ठेवून ठरवणं मला फेयरापेक्षा ‘स्पिनिंग सिल्व्हर’च्या मिर्येममध्ये जास्त दिसतं.

नेओमी नोविक यांच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’मध्ये (२०१८) मिर्येम ही सावकाराची मुलगी. बापाला वसुली जमत नाही, आई आजारी, म्हणून भर थंडीत तीच दारोदार जाते. चांदीचं सोनं करते अशी तिची फुशारकी हिमराजाच्या कानावर जाते. तो आधी सहा नाणी देतो, मग साठ, मग सहाशे. ती त्या चांदीची अंगठी, हार, मुकुट घडवून घेऊन विकते. जादू कसली, निव्वळ धंदा! लग्न गळ्यात पडल्यावरही ती घासाघीस सोडत नाही: बायको म्हणून असलेला आपला हक्क सोडण्याच्या बदल्यात रोज रात्री पाच प्रश्नांची उत्तरं मागून घेते.

निवेदक सारखे बदलतात, कोण बोलतंय हे कळायला काही ओळी जातात. तेवढा धीर नसेल आणि दोन रात्री जागून ‘पुढे काय?’ एवढंच हवं असेल, तर मास घ्या.