फार लॅप, मेलबर्न म्युझियम : रेसवाल्यांनी चुकवू नये

लेकीकडे मेलबर्नला आलेल्या आईवडिलांना ग्रेट ओशन रोड आणि पेंग्विन दाखवून झाले, की पुढे काय हा प्रश्न पडतोच. माझ्यासारखा पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलेला माणूस घरात असेल, तर त्याला ९६ नंबरच्या ट्रामने कार्ल्टन गार्डन्समधल्या मेलबर्न म्युझियमला न्या. सोळाच्या आतल्या नातवंडांना तिकीट नाही. ती डायनोसॉरपाशी रमतात.

आपण फार लॅपकडे, म्हणजे शर्यतीच्या त्या नावाजलेल्या घोड्याकडे जायचं. काचेआड उभा आहे. कातडं त्याचं स्वतःचं, भरण्याचं काम न्यूयॉर्कच्या जोनास ब्रदर्सचं, आणि काम अव्वल आहे. खांद्यापाशी उंची सुमारे पावणेदोन मीटर! १६० गिनीला घेतलेलं हे न्यूझीलंडचं शिंगरू मालकाच्या मनात भरेना, म्हणून ट्रेनर हॅरी टेलफर्डने ते तीन वर्षांच्या कराराने स्वतःकडे ठेवलं. पहिल्या चार शर्यतींत नंबरातसुद्धा नाही. शेवटी हिशेब मात्र ५१ शर्यती, ३७ विजय.

गर्दी चर्चा करते ती त्याच्या मरणाची. १९३२ साली मेक्सिकोतली शर्यत जिंकून पंधरा-सोळा दिवसांत कॅलिफोर्नियात मरण पावला; पुढे केसांत आर्सेनिक सापडलं. कुणी म्हणतं घातपात, कुणी म्हणतं त्या काळच्या टॉनिकांतच आर्सेनिक असे. मला त्यात फारसा रस नाही.

मी थांबलो ते १९३०च्या नोव्हेंबरसाठी. शनिवारी सकाळी त्याच्यावर गोळी झाडली गेली. मोतद्दार टॉमी वूडकॉक सोबत होता म्हणून निभावलं. त्याच दुपारी घोडा धावला आणि जिंकला. मंगळवारी मेलबर्न कप : पाठीवर जॉकीसकट साडेबासष्ट किलो, अंतर ३२०० मीटर. आपल्याकडची मोठी शर्यत, डर्बी, २४००ची, म्हणजे डर्बी संपल्यावर वर आणखी अर्धा मैल! भाव असा, की अकरा लावा तर आठ सुटणार, इतका सगळ्यांचा भरवसा. जिंकला. गुरुवारी मैलाची शर्यत, पुढच्या शनिवारी दीड मैलाची, दोन्ही त्याच्याच. आठ दिवसांत चार. आज कुठला ट्रेनर घोडा असा काढेल?

पुढच्या वर्षी हँडिकॅपरने, म्हणजे घोड्यांवरचं वजन ठरवणाऱ्याने, ६८ किलो लादले. आठवा आला. लोक याला पराभव म्हणतात, मी म्हणत नाही. दोन मैल ६८ किलो वाहून नेणाऱ्याला आठवा नंबर म्हणजे सलामच ठोकावा.

माझे गुण पाचापैकी साडेचार. अर्धा कापला कारण घोडा वाटला गेलाय : सांगाडा वेलिंग्टनला, हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात. ते हृदय ६.२ किलोचं आहे म्हणतात, साधारण घोड्याचं जेमतेम चार. कॅनबेरा गाडीने सात तास. जावई अजून तयार झालेला नाही.