वळवाच्या महिन्यात कोणते ॲप? मौसम, मेघदूत, दामिनी: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या हिशेबाने

बेळगावात सर्वांत जास्त तापतो तो एप्रिल, मे नव्हे. मेमध्ये समुद्रावरचा पश्चिम वारा घाट चढून येऊ लागतो, ढग वाढतात आणि पारा उतरतो. एप्रिलमध्ये दुपारपर्यंत जमीन भाजते, खालच्या थरात थोडी ओल शिरलेली असते आणि चारच्या पुढे वळीव उठतो. नेमका याच वेळी अथणीकडे बेदाणा शेडवर असतो, खानापूर-चंदगड भागात काजू-बी वाळत घातलेली असते, भट्टीवर कच्ची वीट उभी असते आणि कडब्याची गंजी झाकायची राहिलेली असते. म्हणून हवामानाच्या ॲपची परीक्षा घ्यायची तर एप्रिलमध्ये घ्यावी. जुलैत ‘पाऊस पडेल’ असे कोणीही सांगेल.

हवामान विभागाच्या ‘मौसम’मध्ये कमाल-किमान तापमानाचा अंदाज भरवशाचा आहे, पण बेळगावचा आकडा सांबऱ्याचा, म्हणजे विमानतळाकडचा असतो आणि सांबरा साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. अथणी, रायबाग, गोकाककडच्यांनी त्यात दोन-तीन अंश मिळवूनच कामाची वेळ ठरवावी.

पावसाचा अंदाज वाचताना मात्र शब्द नीट बघायचे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. पावसाच्या जोराशी याचा संबंध नाही. तुरळक ठिकाणचा वळीवही अर्ध्या तासात पत्रे उडवतो. शिवाय इशारा जिल्ह्याला असतो, आणि आपला जिल्हा कणकुंबीपासून अथणीपर्यंत सरळ रेषेत १४० किलोमीटरच्या आसपास भरतो. या सगळ्याला एकच पिवळा रंग. एप्रिलच्या उत्तरार्धात तो इतक्यांदा लागतो की लोक बघेनासे होतात, तीच चूक आहे. पिवळ्याचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ आणि केशरीचा ‘तयारीत राहा’. पिवळा दिसला की सकाळीच ताडपत्री आणि दोर जागेवर आणून ठेवावेत, झाकायची घाई करू नये.

झाकायचे कधी, हे ‘मौसम’मधल्या तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यावरून ठरवायचे. तो दुपारी तीननंतर दर तासाला उघडून पाहावा. त्याच्या जोडीला हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचे पणजीच्या रडारचे चित्र ठेवावे. ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींचा जोर डीबीझेडमध्ये मोजतात. ४० डीबीझेडच्या पुढचा ठिपका म्हणजे जोरदार सर. ५५च्या आसपास गेला तर गारांची शंका धरावी. पाठोपाठची दोन-तीन चित्रे पाहिली की ढग कुठे सरकतोय ते कळते, एका चित्रावरून काहीच ठरत नाही.

इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. वळीव बहुधा पूर्वेकडून येतो आणि रडार पश्चिमेला, घाटापलीकडे. बेळगाव शहर पणजीपासून सरळ अंतराने ८० किलोमीटरच्या घरात, निपाणी ११५च्या पुढे आणि अथणी १९०च्या जवळ. पृथ्वीच्या गोलाईमुळे अथणीवर पोचेपर्यंत रडारचा झोत जमिनीपासून तीन किलोमीटरहून वर गेलेला असतो, त्यामुळे नुकता तयार होणारा, बुटका ढग त्याला दिसतच नाही. खानापूर-बेळगावकरांना रडारवरून तासाभराची सवड मिळू शकते. अथणीकरांनी त्यावर बेदाणा सोपवू नये, शेडच्या कडेचे पडदे दुपारीच सोडावेत.

फोनमध्ये आधीपासून असलेल्या हवामानाच्या खिडकीत रोज चार वाजता ढग-विजेचे चित्र दिसते, ते दुर्लक्ष करण्याजोगे. अंदाज काढणारे संगणकातले मॉडेल देशाचे चौकटींत भाग पाडून हिशेब करते. हवामान विभागाने २०२५च्या मेमध्ये सुरू केलेल्या नव्या प्रणालीचीही चौकट ६ किलोमीटरची आहे. वळवाचा ढग एवढासाच असतो, त्यामुळे येळ्ळुरात पडेल की उचगावात, हे आदल्या दिवशी कोणतेही मॉडेल सांगू शकत नाही.

‘मेघदूत’ हे सल्ल्याचे ॲप. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, सोबत पुढच्या दिवसांचे वारे आणि आर्द्रता. फवारणीसाठी वाऱ्याचा आकडा कामाचा: ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर औषध शेजारच्या रानात जाते. बेळगावचा सल्ला कानडीत वा इंग्रजीत मिळतो. मराठीत वाचायचा तर कोल्हापूर जिल्हा निवडावा. निपाणी-चिकोडीकडच्या उसाला तो चालून जातो, पाऊस मात्र आपल्याच जिल्ह्याचा बघायचा.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ या तिघांत सर्वांत उपयोगी. ते अंदाजावर थांबत नाही, पडलेल्या विजा दाखवते. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे असतात. बाहेरच्या वर्तुळात पूर्वेला ठिपके दिसू लागले की जनावरे आत, माणसे झाडाखालून बाहेर. लोकेशन चालू ठेवा आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून हे ॲप वगळा, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि सूचना येत नाही. जांबोटीच्या पुढे जंगलात रेंज नसली की तेही मुके. तिथे कानच खरे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे.

पडलेल्या पावसाचा आकडा लागतो तो विम्याच्या वेळी, आणि तिथे तारखेचा घोळ होतो. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून १८ तारखेच्या संध्याकाळचा वळीव १९ तारखेच्या नोंदीत दिसतो. अर्जावर १८ लिहिताना हे ध्यानात ठेवा. गारपिटीचे नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे असते. गावाजवळची नोंद हवी तर कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीवर आहेत. त्यांची ‘वरुणमित्र’ फोनसेवा चोवीस तास चालते. बोलणे कानडीत, पण घरात कानडी येणारे कोणीतरी असतेच.