गवतातला बास: फ्रॉग, वर्म की पंचिंग?

फ्लोरिडात नव्याने राहायला आलेले मराठी मित्र, त्यातही लहानपणी कोकणात खाडीवर गरवायला जाणारे, हमखास एकच विचारतात: "दादा, बाससाठी (इथल्या तळ्यांतला गरवायचा मासा) पहिला रॉड कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, की जिथे जाणार आहात तिथे गवत कसलं आहे? किसिमी, टोहोपेकालिगा (इथे सगळे नुसतं 'टोहो' म्हणतात), ओकीचोबी, या सगळ्या तळ्यांवर मासा गवताच्या आधाराने राहतो. ओकीचोबी जवळजवळ 1,900 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याची सरासरी खोली जेमतेम 9 फूट. पाणी उथळ, कोमट, वर्षभर ऊन. मग गवत माजणारच.

त्यातली एक वनस्पती आपल्या चांगल्या ओळखीची आहे, हायड्रिला. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला उलट्या नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे बघायचो, तीच. 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात आली आणि तळीच्या तळी व्यापून बसली. जलपर्णीही आहे, अगदी पाषाण तलावावर दिसायची तशी. या दोन्ही इथल्या पाण्याला परक्या आणि त्रासदायक, पण बास त्यांच्या सावलीला खुशाल राहतो.

सामान निवडताना मी गवताचे तीनच प्रकार धरतो. पहिलं पाण्याखालीच राहिलेलं, वरपर्यंत न पोचलेलं. दुसरं वर आलेलं पण विरळ, मध्ये मध्ये मोकळी भोकं असलेलं. कमळासारखी पानं यातच धरा. तिसरं गादीसारखं घट्ट, ज्यावर बगळा चालतो. पहिल्यात वर्म (रबरी गांडूळ), दुसऱ्यात फ्रॉग (रबरी बेडूक), तिसऱ्यात पंचिंग (जड वजनाने गवताला भोक पाडून आमिष खाली सोडणं). सीमा काटेकोर नाहीत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

फ्रॉगपासून सुरू करतो, कारण व्हिडिओ बघून सगळ्यांना तोच हवा असतो. मऊ रबराचा पोकळ बेडूक, दोन गळ वर तोंड करून पाठीला चिकटलेले. पानांवरून ओढला तरी अडकत नाही, आणि माशाने तोंडात दाबला की अंग चेपून गळ उघडे पडतात. याला 7 फूट 3 इंचांच्या आसपासचा हेवी, म्हणजे ताठ रॉड, 7:1 (हँडलच्या एका फेरीत स्पूल सात वेळा फिरतं) किंवा त्याहून वेगवान गिअरचं बेटकास्टर (आडव्या, फिरत्या स्पूलचं) रील आणि 50 ते 65 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन लागते. एवढी जाड लाईन माशाच्या वजनासाठी घ्यायची नसते. चार पौंडांचा बास गवतात शिरला की सोबत पाच पौंड गवत येतं, आणि ते सगळं एकदम ओढावं लागतं.

माझ्या पहिल्या फ्रॉगची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट महिना, उजाडायला लागलेलं, मी कायाकमध्ये. पानांमध्ये परातीएवढं भोक होतं. फ्रॉग त्याच्या काठाशी आणून थांबवला. दोन हातांवरचं एक पान हललं, मग त्याच्या अलीकडचं, आणि पाणी फुटल्यासारखा आवाज होऊन फ्रॉग दिसेनासा झाला. मी त्याच क्षणी हिसका दिला. फ्रॉग सुटून उडाला आणि कायाकवर येऊन आपटला. मासा गेला. पुढे कितीतरी सकाळी हेच झालं, तेव्हा कुठे उमगलं. बास फ्रॉगवर खालून तुटून पडतो, पण तोंड मिटून खाली वळायला त्याला क्षणभर लागतो. आवाजावर हिसका द्यायचा नाही. रॉड खाली ठेवून लाईनची ढील आवरायची, वजन हाताला लागलं की मगच मारायचं. नव्या फ्रॉगचे गळ पकडीने किंचित बाहेर वाकवले आणि पाय अर्धा इंच कापले तर मासे अजून कमी सुटतात. दर चार-पाच फेकींनी अंगात शिरलेलं पाणी पिळून काढा.

एवढं करूनही फ्रॉगवर मासे निसटतात, आणि हेच त्याचं उणं. वर त्याचा खरा वेळ थोडा असतो: पहाट, ढगाळ दिवस, संध्याकाळ. पृष्ठभागावर ऊन तापलं की आमिषासाठी वर यायला बास राजी नसतो. टोहोवर जानेवारी 2001 मध्ये डीन रोहास या व्यावसायिक स्पर्धकांनी एका दिवसात पाच बासचं 45 पौंड 2 औंस वजन केलं आणि बासमास्टर या बास गरवायच्या स्पर्धांमध्ये विक्रम झाला. पुढे त्यांचं नाव फ्रॉगशी जोडलं गेलं, म्हणून बऱ्याच जणांना ते वजन फ्रॉगचं वाटतं. तो हंगाम विणीचा होता आणि मोठ्या माद्या उथळ पाण्यात आल्या होत्या. उन्हाळ्याच्या सकाळी फ्रॉग घेऊन त्या वजनाची अपेक्षा धरू नका.

वर्म दिसायला अगदी साधा. रबरी गांडूळ, 3/0 किंवा 4/0 चा रुंद पोटाचा गळ, पुढे गोळीच्या आकाराचं छोटं वजन. गळाचं टोक वर्मच्या अंगातच दडवायचं म्हणजे गवताला अडकत नाही. याला टेक्सस रिग म्हणतात. गवतात वजन जितकं हलकं तितकं बरं, 4 ते 7 ग्रॅम. त्यामुळे वर्म पात्यावरून पात्यावर सावकाश उतरतो. रंग? इथे जूनबग, म्हणजे काळपट जांभळ्यात हिरवी चमक. पाणी चहाच्या रंगाचं असेल तर मी दुसरा रंग बाहेरच काढत नाही.

वर्मवर मासा लागल्याचा आवाज येत नाही. लाईनवर बोट ठेवलं असेल तर 'टक्' असा एक ठोका जाणवतो, किंवा खाली उतरणारी लाईन मध्येच थांबून बाजूला सरकते. हे ओळखायला चार-सहा फेऱ्या जातात. एकदा हाताला कळलं की सकाळी नऊनंतर, भर दुपारी, वारा सुटल्यावरसुद्धा मासे मिळतात. मी ठेवलेल्या वहीत फ्रॉगच्या नोंदी लांबलचक आहेत, मासे मात्र वर्मचे जास्त आहेत.

लाईनबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या ओळखीचा नायलॉनचा तंगूस स्वस्त आणि हाताळायला सोपा, पण ताणला जातो. वीस मीटरवरून दिलेला हिसका वाटेतच विरतो आणि टोक माशाच्या जाड जबड्यात शिरत नाही. फ्लोरोकार्बन ही दुसरी लाईन. ते पाण्यात कमी दिसतं आणि बुडतं. स्वच्छ पाण्यात विरळ गवताच्या कडेने वर्म टाकायला 15 ते 17 पौंडांचं उत्तम. पण दाट गवतात ते देठांभोवती गुंडाळलं जातं आणि तिथेच मासा सुटतो. ब्रेड करवतीसारखी देठ कापत येते. म्हणून या पाण्यात मी ब्रेडच घ्या म्हणेन, वर्मसाठीसुद्धा. पाणी फारच नितळ असेल तर पुढे हातभर फ्लोरोकार्बन जोडा. दोन गोष्टी सांभाळा: रीलवर आधी थोडा तंगूस गुंडाळून मगच ब्रेड चढवा, नाहीतर ती अख्खी स्पूलवर घसरते; आणि अडकलेला गळ सोडवताना ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका. बोट चिरतं, आणि खोलवर चिरतं.

स्पिनिंग (न फिरणाऱ्या स्पूलचं) रील की बेटकास्टर? स्पिनिंग शिकायला सोपं, वजनाशिवायचा वर्म त्यावर सुरेख जातो. पण गवतातून मासा उपसायला ताकद बेटकास्टरची. त्याचा गुंता सोडवत बसणं सुरुवातीला नकोसं होतं, तरी शिकाच.

पंचिंग मी पहिल्या वर्षात कोणालाच सुचवत नाही. 1 ते 1.5 औंसांचं टंगस्टन वजन रबरी स्टॉपरने गळाला पक्कं टेकवायचं, मागे बोटभर आखूड आमिष, आणि उभ्याने गादीला भोक पाडून खाली सोडायचं. टंगस्टनच का? शिशापेक्षा ते जवळजवळ पावणेदोनपट घन असतं. तेवढंच वजन लहान आकारात मिळतं आणि गवतातून घुसतं. महागही तसंच. रॉड साडेसात फुटांपुढचा एक्स्ट्रा हेवी, ब्रेड 65 ते 80 पौंड. उभं राहायला स्थिर बोट हवी. कायाकमधून ओढायला गेलं तर मासा वर येण्याऐवजी कायाकच त्याच्याकडे जाते. दुपारी कडक उन्हात मोठे मासे गादीखालच्या सावलीत असतात आणि तिथे दुसरं काही पोचत नाही, हे मात्र खरं. स्वतःची बोट झाली की याचा विचार करा.

तेव्हा एकच रॉड घ्यायचा असेल तर 7 फूट 3 इंच हेवी, बेटकास्टर, 50 पौंड ब्रेड. यावर फ्रॉगही चालतो आणि वर्मही. पहाटे तासभर फ्रॉग टाका, ऊन चढलं की त्याच लाईनला वर्म बांधा. गाठ दोन्हींना पालोमारच. तुकड्यांचा प्रवासी रॉड मिळाला तर अजून बरं. सुट्टीत गावी गेल्यावर मरळीला हीच ब्रेड आणि हाच फ्रॉग चालतो, कारण तीही गवताखालूनच बेडकावर येते.

लायसन्स आधी काढा. 16 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. दिवसाला पाच बास ठेवता येतात, त्यांतला एकच 16 इंच किंवा त्याहून मोठा. मी मोठी मादी सोडूनच देतो. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तिला आडवी, पोटाला हात देऊन धरा, फोटो पटकन काढा आणि सोडा. दुपारी दोननंतर आभाळ गडगडायला लागलं की थांबू नका. हातातला ग्रॅफाइटचा रॉड वीज वाहून नेतो. आणि पानांवरून येणाऱ्या फ्रॉगमागे पाण्यावर दोन डोळे सरकताना दिसले, तर ती मगर आहे. फ्रॉग तिच्यासमोर खेळवू नका, भराभर गुंडाळा आणि दुसरीकडे जा.