सहा महिने पॉपरमध्ये एल्व्हज खेळल्यावर

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा पॉपर फॉरमॅट म्हणजे फक्त कॉमन (सर्रास मिळणारी) कार्डं, ६० चा डेक, १५ चा साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये बदलायला ठेवलेली कार्डं). आम्ही पुण्यात चारपाच जण खेळतो. मी आधी तीन आठवडे स्लीव्हमध्ये कागदाचे तुकडे घालून खेळलो आणि डेक आवडल्यावरच खरी कार्डं घेतली, निम्मी तर दादा दिवाळीला जर्मनीहून आला तेव्हा त्यानेच आणली. सगळं मिळून साडेचार हजार गेले.

एल्फ जातीच्या क्रीचरांच्या (लढणाऱ्या कार्डांच्या) या डेकचा जीव म्हणजे प्रीस्ट ऑफ टायटानिया. टॅप केला (कार्ड आडवं करून वापरलं) की मैदानात जितके एल्फ तितका हिरवा माना, म्हणजे कार्डं खेळायची शक्ती! पाच एल्फ असले की पाच, मग क्विरियन रेंजरने एक फॉरेस्ट (हिरवा माना देणारं लँड कार्ड) हातात परत घ्यायचं, प्रीस्ट अनटॅप म्हणजे पुन्हा उभा, अजून पाच, आणि त्या टर्नला लँड टाकली नसेल (एका टर्नला एकच टाकता येते) तर तेच फॉरेस्ट पुन्हा खाली. बर्चलोर रेंजर्सच्या अ‍ॅबिलिटीत टॅपचं चिन्ह नाहीये (ते असलं की नवा उतरलेला क्रीचर त्या टर्नला ती वापरू शकत नाही), त्यामुळे आत्ता उतरवलेले एल्फसुद्धा मानासाठी लगेच टॅप करता येतात, हे मला दोन महिन्यांनी कळलं आणि डेक एकदम वेगळाच वाटायला लागला.

माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी एल्फ कमी करून एकेकटी दणकट कार्डं घातली होती, क्रीचर फक्त २८ उरले होते. लीड द स्टॅम्पीड वरची पाच कार्डं बघून हवे तेवढे क्रीचर हातात देतं, पण २८ मध्ये सरासरी सव्वादोनच यायचे, ३६ केल्यावर तीन. ऐकायला फरक छोटा वाटतो पण हात रिकामा राहायचाच बंद झाला. ती दणकट कार्डं आता डब्यात आहेत, त्यांचे पैसे वाया गेले याचं खरंच वाईट वाटतं.

त्रास एकाच गोष्टीचा, समोरच्याकडे लाल रंग असला की इलेक्ट्रिकरी हे कार्ड. ओव्हरलोड केलं (जास्त माना देऊन खेळलं) की आपल्या प्रत्येक क्रीचरला एक डॅमेज, आणि आपले बहुतेक सगळे १/१ (ताकद एक, सहनशक्ती एक), म्हणजे मैदान साफ. म्हणून मी आता दोनतीन एल्फ हातातच दाबून ठेवतो आणि साइडबोर्डातून स्पायडरसिल्क आर्मर आणतो, सगळ्यांना +०/+१ मिळतं मग ते एक डॅमेज पचतं. फायरी कॅननेड हे दुसरं लाल कार्ड मात्र दोन डॅमेज करतं, तिथे आर्मरही पुरत नाही, तो गेम टिंबरवॉच एल्फ लवकर मोठा हल्ला करून देईल तरच हाती लागतो.