फुलदाणी आतून पाहावी : जुन्या आणि नव्या सिरॅमिक फुलदाण्यांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने चार सिरॅमिक फुलदाण्या माझ्या रोजच्या वापरात आहेत. त्यांपैकी दोन जुन्या आहेत : एक पश्चिम जर्मनीत बनलेली, जाड आणि खडबडीत ग्लेझची (म्हणजे मातीवर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराची), आणि दुसरी तिच्याहूनही जुनी, पांढऱ्या अर्थनवेअरवर निळी नक्षी असलेली. दोन नव्या आहेत : गडद राखाडी मॅट स्टोनवेअरची उभी, सरळ फुलदाणी आणि एकाच फुलासाठी घडवलेली, बारीक मानेची पोर्सिलेनची फुलदाणी. चारही आळीपाळीने पाणी घालून वापरल्या, धुतल्या, वाळवल्या आणि वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिल्या. त्यातून माझे मत पक्के झाले आहे की फुलदाणी जुनी घ्यावी की नवी हा प्रश्न नंतरचा आहे. माती किती भाजली गेली आहे आणि आतल्या बाजूने ग्लेझ कसे बसले आहे, हे आधी पाहायला हवे. विक्रीसाठी काढलेल्या छायाचित्रांत नेमकी हीच बाजू क्वचित दिसते.

अर्थनवेअर साधारणपणे १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात. या तापमानाला मातीचे कण एकमेकांना धरतात, पण त्यांच्यामधल्या सूक्ष्म पोकळ्या शिल्लक राहतात आणि पाणी अडवण्याचे सगळे काम ग्लेझवर येऊन पडते. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान आणि पोर्सिलेन काही वेळा १४०० अंशांपर्यंत तापवले जाते. त्या उष्णतेत मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि पोकळ्या बुजतात. घरात हा फरक पाहण्यासाठी प्रत्येक फुलदाणी काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी स्टोनवेअर आणि पोर्सिलेनखालचा कागद कोरडा ठणठणीत होता. अर्थनवेअरखाली मात्र तळाच्या कडेचे रेखीव वर्तुळ उमटले होते. थेंब कुठेही नव्हता, कागद तेवढ्याच रेषेत दमट होऊन किंचित फुगला होता. हा पाझर इतका मंद असतो की बाहेरून हात फिरवूनही कळत नाही, आणि पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरट डाग पडतो तो याच ओलाव्यामुळे. जर्मन फुलदाणीची मातीही सच्छिद्रच आहे, तरी तिच्या आतले ग्लेझ तळापासून काठापर्यंत अखंड असल्यामुळे तिच्याखालचा कागद कोरडा राहिला. वय जास्त म्हणून फुलदाणी पाझरेलच, असे मानण्याचे कारण नाही.

पांढऱ्या फुलदाणीच्या पाझराचे मूळ तिच्या ग्लेझवर पसरलेल्या केसासारख्या बारीक भेगांच्या जाळीत आहे. या जाळीला क्रेझिंग म्हणतात. भट्टीतून बाहेर येऊन थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले, तर ते ताणाखाली राहते आणि शेवटी तडकते. अर्थनवेअरच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते : सच्छिद्र माती वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून अगदी थोडी फुगते, ग्लेझ काही फुगत नाही, आणि म्हणून भट्टीतून निर्दोष निघालेल्या वस्तूवरही पुष्कळ काळाने जाळी उमटते. काही कुंभारांनी ही जाळी मुद्दाम, शोभेसाठी घडवलेली आहे, आणि तिथे ती सुंदरच दिसते. पाण्याने भरायच्या फुलदाणीत मात्र तिचा परिणाम निराळा होतो. फुलांचे पाणी दोन-तीन दिवसांत गढूळ होते, देठांतून निघालेला तपकिरी अंश भेगांत शिरतो आणि आधी न दिसणारी जाळी हळूहळू गडद होत जाते. माझ्या फुलदाणीत पाण्याच्या पातळीखालच्या आणि वरच्या भागांच्या रंगात आता स्पष्ट फरक दिसतो. अशा डागांवर ब्लीच वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नये. ब्लीच भेगांतून मातीत उतरते, वाळल्यावर त्यातले क्षार स्फटिक होऊन आतून दाब देतात आणि ग्लेझचे पापुद्रे सुटू लागतात. ही फुलदाणी मी आता आत काचेची नळी ठेवून वापरते. पाणी नळीत राहते, माती कोरडी राहते आणि निळी नक्षी पुन्हा बिनघोर पाहता येते.

मॅट स्टोनवेअरबद्दल माझी अपेक्षा सर्वांत जास्त होती आणि पाणी धरण्याच्या बाबतीत ती पूर्ण झाली. पृष्ठभागाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. मॅट ग्लेझमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते प्रकाश विखुरतात आणि म्हणून चमक येत नाही. पण तोच सूक्ष्म खडबडीतपणा बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि जड पाण्यातला चुना धरून ठेवतो. गडद रंगावर हे सगळे लगेच नजरेत येते. कात्री काठाला लागली तर करड्या रेषा उमटतात. तो ओरखडा नसतो, धातूचा थर असतो आणि सौम्य घासण्याच्या पावडरीने निघतो. चुन्याचा थर काढायला पातळ केलेले व्हिनेगर स्टोनवेअरला चालते. सोनेरी काम असलेल्या किंवा कमी तापमानाला भाजलेल्या जुन्या वस्तूंपासून ते दूर ठेवावे.

आकाराच्या बाबतीत माझा कौल निःसंशय जुन्या फुलदाण्यांच्या बाजूने आहे. फुगीर पोट, आवळलेली मान आणि किंचित बाहेर वळलेला काठ ही घडण केवळ सजावटीची नाही. पोटात भरपूर पाणी मावते, मान देठांना एकत्र धरते आणि काठाचा बाक फुलांना बाहेर झुकायला जागा देतो. त्यामुळे पाच-सहा देठसुद्धा नीट उभे राहतात. आज सर्वत्र दिसणाऱ्या सरळ, रुंद तोंडाच्या फुलदाणीत तेवढेच देठ कडेला कलंडतात आणि मधोमध पोकळी दिसते. तिला एक तर भरगच्च गुच्छ लागतो, नाहीतर तळाशी खिळ्यांची जड बैठक लागते, जिला जपानी पुष्परचनेत केनझान म्हणतात. गुच्छाची उंची फुलदाणीच्या सुमारे दीडपट असावी, हा प्रचलित नियम माझ्या वापरात बहुतेक वेळा योग्य ठरला. अरुंद मानेची एकच अडचण आहे, ती धुण्याची. बाटलीचा ब्रश पोटाच्या खांद्याखाली पोहोचत नाही. ग्लेझ अखंड असेल तर कोमट पाण्यात कवळी स्वच्छ करण्याची गोळी टाकून रात्रभर ठेवल्यास तो भाग बराच स्वच्छ होतो.

जुनी फुलदाणी विकत घेताना ती उलटी करून तळ पाहण्यावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. माझ्या जर्मन फुलदाणीच्या तळावर ‘डब्ल्यू. जर्मनी’ अशी अक्षरे आणि त्यांच्याजवळ दोन आकडे मातीतच उमटवलेले आहेत. अशा फुलदाण्यांवर बहुधा एक आकडा घाटाचा असतो आणि दुसरा सेंटिमीटरमधल्या उंचीचा, त्यामुळे पट्टी लावून लगेच पडताळा घेता येतो. पश्चिम जर्मनी हे राष्ट्र १९४९ ते १९९० या काळातले, म्हणजे वस्तूचा काळही त्या मर्यादेत येतो. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असण्याची सक्ती १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आली, त्यामुळे देशाचे नाव असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची असते. मात्र नाव नाही एवढ्यावरून ती त्याआधीची ठरत नाही. नामांकित कारखान्यांच्या खुणांची नक्कल पूर्वीपासून होत आली आहे, म्हणून खुणेइतकेच महत्त्व झिजेला द्यावे. खऱ्या वापराची झीज टेकणाऱ्या कडेवर, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांच्या रूपात असते. खोलगट भागातही सारखाच मळ बसलेला दिसला तर तो मुद्दाम चढवलेला असण्याचा संभव असतो. नंतर फुलदाणी तळहातावर तोलून काठाजवळ हलकी टिचकी मारावी. पोर्सिलेनमधून खणखणीत आवाज यावा. तो बद्द आला तर लपलेली भेग किंवा जोड शोधावा. अर्थनवेअरचा आवाज मुळातच बसका असतो, तिथे या परीक्षेवर विसंबू नये. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात दुरुस्तीचा रंग आणि गोंद पुष्कळदा आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा निराळे चमकतात. जोडलेली फुलदाणी घ्यायला हरकत नाही, फक्त तिच्यात थेट पाणी भरू नये, कारण जुने गोंद ओलाव्याने सैल होतात.

जर्मन फुलदाणीचे ग्लेझ हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. या प्रकारच्या ग्लेझमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळत असत. भट्टीत त्यातून वायू सुटून बुडबुडे येतात, ते फुटतात आणि थंड झालेल्या लाव्हासारखी खळगे पडलेली खडबडीत कातडी तयार होते. सकाळचा तिरपा प्रकाश पडला की प्रत्येक खळग्याची एक बाजू केशरी आणि दुसरी काळी दिसते. अशा फुलदाणीत रंगीबेरंगी गुच्छ ठेवला की दोन्ही एकमेकांना मारतात. एकरंगी फुले, वाळलेले गवत किंवा नुसती फांदी तिला शोभते. खळग्यांतली धूळ कोरड्या, मऊ रंगकामाच्या ब्रशने निघते, फडक्याचे धागे मात्र अडकून बसतात.

पोर्सिलेनची फुलदाणी पाणी धरते, सहज धुतली जाते आणि एका फुलाला पुरेसा मान देते. तिचा खरा दोष वजनाचा आहे. तळ लहान आणि भिंती पातळ असल्यामुळे लांब देठाचे जड फूल लावले की ती पडद्याच्या धक्क्यानेही डगमगते. तळाशी मूठभर धुतलेले गोटे टाकले आणि टेकणाऱ्या कडेखाली संग्रहालयांत वापरतात त्या मेणाचे तीन बारीक ठिपके लावले, तेव्हापासून ती खिडकीच्या कट्ट्यावर स्थिर आहे.